बारा नंबरचा गॅस

दुकान माझ्या नावावर होतं, याचं कारण एवढंच की नवरा तेव्हा कारखान्यात नोकरीला होता आणि नोकरीतल्या माणसाला स्वतःच्या नावानं धंदा करता येत नसे. बारामतीत भिगवण रस्त्याला आमचा एक गाळा होता. फ्रीज, दुधाच्या कोल्डरूम, बर्फाचे कारखाने यांना लागणारे सुटे भाग आणि गॅसच्या टाक्या आम्ही विकायचो. सासर कळंबचं. सासऱ्यांनी मेंढरं विकून शेती धरली, नवऱ्यानं शेती भावावर सोडून पाना धरला. पुढं त्यानं नोकरीही सोडली आणि दुरुस्तीची कामं स्वतः करू लागला, तरी पाटीवर आणि परवान्यावर नाव माझंच राहिलं. मी रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. झाले होते. त्या पदवीचा तोवर कुणाला काही उपयोग झाला नव्हता, मलाही नाही.

म्हणून नव्वदीच्या मध्यावर पुण्याहून प्रशिक्षणाचं बोलावणं आलं ते मालकाच्या नावानं आलं, म्हणजे माझ्या. नवऱ्याला मी म्हटलं, तुम्हीच जा, तुमचं काम आहे. उन्हाळा तोंडावर होता. त्याच्या अंगावर इतकी कामं होती की जेवायलाही तो उभ्यानंच यायचा. तो म्हणाला, गॅस बदलणार म्हणतात त्याबद्दल काहीतरी असेल, तू ऐकून ये आणि मला दोन वाक्यांत सांग.

ती दोन वाक्यं मला पुढं चार-पाच वर्षं पुरली.

प्रशिक्षण देणारे सर एका कॉलेजात शिकवायचे. पांढरे केस, हळू आवाज, फळ्यावर फार स्वच्छ अक्षर. हॉलमध्ये मी एकटीच बाई, पण त्यांनी त्याचा गाजावाजा केला नाही, याबद्दल मी आजही त्यांची आभारी आहे. त्यांनी सांगितलं ते असं. फ्रीजमध्ये आणि छोट्या कोल्डरूममध्ये आपण जो गॅस भरतो, ज्याला सगळे मेकॅनिक बारा नंबर म्हणतात, तो गळून हवेत गेला की वर वर जातो. सूर्याची कडक किरणं अडवणारा जो थर आकाशात आहे तो हा गॅस खातो. शिवाय जमिनीवरची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. सगळ्या देशांनी मिळून तो बंद करायचं ठरवलंय, आपल्या देशानंही सही केली आहे. एकदम नाही, पण टप्प्याटप्प्यानं तो मिळेनासा होईल. त्याच्या जागी नवा गॅस आला आहे, तो आता कायमचा, पण तो जुन्या यंत्रात तसाच ओतून चालत नाही. तेल वेगळं लागतं, आतली ओल शोषणारा ड्रायर वेगळा, आतली सफाई पक्की.

आणि शेवटी ते म्हणाले, "कायदा दारात आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा तुमच्या भागातल्या धंदेवाल्यांना आतापासून तयार करा."

सांगणाऱ्याचं काय जातं! ते पुण्याला राहत होते.

तरी मी मनावर घेतलं. एका मंगल कार्यालयात लग्न नसलेला दिवस बघून आम्ही बारामती आणि इंदापूर तालुक्यातल्या गिऱ्हाइकांना बोलावलं. चहा, भजी, आणि मी रंगीत खडूनं काढलेला तक्ता. माणसं बरीच आली. त्यातल्या दोघांनी माझी पुढची वर्षं खाल्ली, म्हणून त्यांची ओळख करून देते.

एक लासुर्ण्याचे तात्या. गावोगावचं दूध गोळा करून त्यांची स्वतःची डेअरी चालायची. पनीर, श्रीखंड, उन्हाळ्यात कुल्फी. गळ्यात माळ, बोलणं मऊ, आणि ऐकायचं मात्र स्वतःचंच. त्यांची कोल्डरूम बारा नंबरवर चालायची आणि कायम गळायची. नवरा दर थोड्या दिवसांनी जाऊन गॅस भरून यायचा. म्हणजे ज्या माणसासाठी ही सभा भरवली होती तो माणूस हा.

दुसरे पळसदेवचे आबा. उजनीच्या पाण्याकडेला त्यांचा बर्फाचा कारखाना. धरणातली मासळी भिगवणच्या बाजाराला आणि पुढं लांब पाठवायला जो बर्फ लागतो तो तिथं बनायचा. मोठा कारखाना, म्हणजे आत अमोनिया. अमोनियाचा या सगळ्याशी काडीचा संबंध नव्हता. तो ना आकाशातला थर खातो, ना उष्णता कोंडतो. फुटला तर माणसाचा जीव घेईल, पण ती वेगळी काळजी. आबा आमच्याकडून पट्टे आणि पंपाचे भाग नेत, म्हणून त्यांनाही निरोप गेला होता.

मी तासभर बोलले. अमोनियावाल्यांनी घाबरू नये, हे पुन्हा पुन्हा सांगितलं. सभा संपल्यावर काय झालं? तात्या भजी संपवून म्हणाले की विषय चांगला होता, पण आपला गॅस खाली लासुर्ण्यात आहे, आकाशात जायला त्याला कोण सोडतंय. आणि आबा कोपऱ्यात कपाळाला हात लावून बसलेले. ज्यानं घाबरायचं तो निवांत आणि ज्यानं निवांत राहायचं तो घाबरलेला. तिथून पुढं हे असंच चाललं.

आठवड्याभरात आबा दुकानात आले. धोतर, डोक्याला टॉवेल, हातात पिशवी. ते इंदापूरला कुठल्याशा कचेरीत जाऊन आले होते, आपला गॅस बंद करू नये अशी विनंती करायला. तिथल्या माणसानं असला कायदा कधी ऐकला नव्हता. पण ऐकला नाही असं म्हणायची त्याला लाज वाटली असावी. त्यानं आबांना सांगितलं, ज्यांनी तुम्हाला हे सांगितलं त्यांच्याकडून हरकत नसल्याचा दाखला आणा.

"तर तेवढा दाखला द्या, वहिनी," आबा म्हणाले.

मी म्हटलं, आबा, मी दुकानदार आहे, मी कसला दाखला देणार? आणि तुमचा गॅस बंद होणारच नाही, तर हरकत कसली? आबांनी मान डोलावली, चहा घेतला आणि विचारलं, मग दाखला कवा न्यायला येऊ. ते पुन्हा आले. पुन्हा आले. दर खेपेला माझ्यासाठी त्यांच्या मळ्यातल्या शेवग्याच्या शेंगा आणत. शेवटी मी एका कोऱ्या कागदावर लिहून दिलं की अमोनिया बंद होणार नाही, आणि खाली दुकानाचा शिक्का मारला. तो घेऊन ते कचेरीत गेले. तिथं त्यांना सांगण्यात आलं की दुकानाच्या शिक्क्याला काही किंमत नाही.

तिकडं तात्यांनी वेगळीच तयारी सुरू केली. एक दिवस त्यांचा टेम्पो दुकानासमोर उभा राहिला आणि ड्रायव्हरनं बारा नंबरच्या जेवढ्या टाक्या असतील तेवढ्या मागितल्या. मी फोन लावला. तात्या फार समजूतदार आवाजात म्हणाले की तुम्हीच सांगितलं गॅस बंद होणार, मग साठा करून ठेवायला नको का? तयारी म्हणजे आणखी काय असतं?

मी टाक्या द्यायला नकार दिला. नवरा आतून आला आणि त्यानं भरून दिल्या. त्या संध्याकाळी आमचं चांगलंच वाजलं. माझं म्हणणं, आपण लोकांचा हा गॅस सोडवायला निघालो आणि तुम्ही टेम्पो भरून देताय. त्याचं म्हणणं, आपण नाही दिला तर दुसरा देईल. आणि दिलाच दुसऱ्यानं. आमच्याकडचं संपल्यावर तात्यांनी कुणा व्यापाऱ्याकडून जुन्या, पुन्हा पुन्हा भरलेल्या टाक्या घेतल्या आणि डेअरीमागच्या पत्र्याच्या शेडात रचून ठेवल्या. त्यांचं बघून आणखी चार जणांनी तेच केलं. माझ्या सभेचं फळ हे, की दोन तालुक्यांत बारा नंबरचा खप एकदम वाढला.

हे चालू असताना भिगवणकडच्या एका मेकॅनिकनं नवऱ्याला सहज म्हणून सांगितलं की आबा कारखाना विकतायत. अख्खा नाही, कॉम्प्रेसर आणि आतली मशिनरी. भंगाराच्या भावात. गॅस बंदच होणार आहे तर आत्ता येईल ते पदरात पाडून घ्या, असं त्यांना कुणीतरी पटवलं होतं.

माझा संताप झाला. दुसऱ्या दिवशी दुकान नवऱ्यावर टाकून मी एस.टी.नं भिगवण आणि तिथून पळसदेव गाठलं. उन्हाळा चढला होता. पाणी खूप मागं गेलेलं, जुनं देऊळ चिखलातून वर आलेलं, त्याच्या भोवती म्हशी. कारखाना पाण्यापासून अलीकडं, बाभळींच्या आड. आबा बाहेर बाजेवर बसले होते. मला बघून त्यांना आनंद झाला. त्यांना वाटलं, दाखला आणलाय.

मी बसलेसुद्धा नाही. विचारलं, मशिन कुणाला देताय?

त्यांनी घेणाऱ्याचं गाव सांगितलं, माणूस चांगला आहे म्हणाले, त्यानंच कायद्याचं नीट समजावून सांगितलं, घरच्यासारखा आहे.

"तो घेऊन काय करणार त्या मशिनचं? वितळवणार?"

"न्हाय, न्हाय. त्यो टाकळीकडं बर्फाचा कारखाना घालतोय."

मी त्यांच्याकडं बघत राहिले. ते माझ्याकडं बघत राहिले. मी म्हटलं, "आबा, गॅस बंद होणार म्हणून तुम्ही मशिन विकताय. मग तेच मशिन नेऊन तो कशावर चालवणार?"

आबांनी टॉवेल डोक्यावरचा काढला, झटकला, पुन्हा बांधला. आतून बर्फाच्या डब्यांवर पाणी सोडल्याचा आवाज येत होता. मग ते उठले आणि आत जाऊन मुकादमाला काहीतरी सांगून आले.

"इसार परत करतो," ते म्हणाले. "पर वहिनी, त्यो म्हणत हुता की तुमीच सबंद सभेत सांगितलंसा."

"मी काय सांगितलं होतं?"

"ते मला नीट आठवत न्हाय. गॅस बंद हुनार, येवढं आठवतंय."

परत येताना एस.टी.त मला रडू आलं. रागाचंच रडू. एवढा तक्ता, एवढे खडू, तासभर घसा कोरडा करून बोलणं, आणि माणसांच्या डोक्यात तीन शब्द शिल्लक. तेही उलटे.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात, लग्नसराईच्या ऐन भरात, तात्यांची कोल्डरूम बसली. तिच्या कंडेन्सरच्या नळ्या कुजल्या होत्या. नवरा दोन वर्षं बदला म्हणत होता आणि तात्या गॅस भरून वेळ मारून नेत होते. त्या दिवशी नळी उघडीच पडली आणि आत होता तेवढा गॅस फस्सकन निघून गेला. आत श्रीखंडाचे डबे छतापर्यंत रचलेले. आसपासच्या गावांतल्या कितीतरी लग्नांच्या ऑर्डरी. दूध तर रोजचं येतच होतं.

तात्यांनी फोन केला तेव्हा आवाजात काळजी नव्हती. नवऱ्याला म्हणाले, नळीला डाग देऊन भोक बुजवा, गॅस माझ्याकडं भरपूर आहे. मीही गाडीवर मागं बसून गेले. डाग देऊन झाला. नवऱ्यानं शेडातली पहिली टाकी उचलली आणि माझ्याकडं बघितलं. ती त्यानं एका हातानं उचलली होती. दुसरी तशीच. तिसरी तशीच. पत्र्याच्या शेडातलं ऊन, जुने झिजलेले व्हॉल्व्ह, वर्षभराचा काळ. साठा सावकाश, कुणाला न कळता, आकाशात निघून गेला होता. एखाद-दुसऱ्या टाकीत तळाला काही होतं, त्यानं काही भागण्यासारखं नव्हतं.

लासुर्ण्यातला गॅस आकाशात जायला कोण सोडतंय, असं विचारणारे तात्या त्या शेडाच्या दारात उभे होते. खरं सांगायचं तर त्यांचं ते वाक्य त्यांना परत ऐकवायची फार इच्छा होती.

आमच्या दुकानात बारा नंबर शिल्लक नव्हता. बारामतीत नव्हता, इंदापुरात नव्हता. सगळ्यांनी तयारी केलेली. पुण्याहून मागवायचा तर दुसरा दिवस उजाडणार. तोवर श्रीखंडाचं ताक झालं असतं.

बर्फ लावा, मी म्हटलं. आबांकडून लाद्या मागवू, कोल्डरूममध्ये डब्यांच्या भोवती रचू, दारं बंद ठेवू, उद्यापर्यंत निभेल.

तात्यांनी गळ्यातल्या माळेला हात लावला. "माशाचा बर्फ? श्रीखंडाला?"

बाहेर ऊन असं की डोळे उघडवत नव्हते. आतल्या तापमापकाचा काटा वर चढत चाललेला, आणि हा माणूस बर्फाची जात काढत होता. मी सांगितलं की बर्फ पाण्याचा असतो, मासळी कारखान्यात येत नाही, बर्फ मासळीकडं जातो. ते म्हणाले, तरी पण. मी म्हटलं, डब्यांना झाकणं आहेत. ते म्हणाले, तरी पण, लोकांना कळलं तर. नवरा पाना खाली ठेवून म्हणाला, "तात्या, मग डबे गुरांना घाला, मी चाललो." तेव्हा कुठं त्यांनी फोन उचलला.

टेम्पोबरोबर आबा स्वतः आले. भुशात गुंडाळलेल्या लाद्या उतरवून घेताना तात्या दारात उभे राहून प्रत्येक लादीचा वास घेत होते. आबा हे बघत होते. शेवटची लादी उतरल्यावर त्यांनी तिच्यावरचा भुसा धुतला, कोपऱ्यातला एक तुकडा फोडला, तोंडात टाकला आणि दुसरा तुकडा तात्यांपुढं धरला. तात्यांनी तो घेतला. खाल्ला की नाही ते मला दिसलं नाही.

पहाटे दूध थोडं नासलं, श्रीखंड सगळं वाचलं.

त्यानंतर तात्या म्हणाले, नवा गॅस घाला. एवढ्या सगळ्या खटपटीतून एवढं एक वाक्य निघालं. मला वाटलं, जिंकले. नवा कंडेन्सर बसवला, जुनं तेल काढून पुन्हा पुन्हा नवं घातलं, ड्रायर बदलला, व्हॉल्व्ह बदलला. नवरा पहिल्यांदा कुरकुरत होता, मग त्यालाही त्यात रस आला. मी तात्यांच्या माणसांना सांगितलं की गॅस कुठलाही असो, तो नळीच्या आत राहिला पाहिजे. दर आठवड्याला सगळ्या जोडांना साबणाचं पाणी लावा, फुगा आला की कळवा. तात्यांनी हे ऐकून मला विचारलं, आता हा गॅस कायमचा ना?

मी हो म्हणाले. मला तेच शिकवलं होतं.

हे पाहून आणखी काही जण बदलायला तयार झाले. बारामतीतला एक आइस्क्रीमवाला, जंक्शन नावाच्या गावाजवळचा एक दूधवाला. मी सगळ्यांना तेच सांगितलं, हा कायमचा.

मग दशक संपता संपता पुण्याला दुसरं प्रशिक्षण झालं. तेच सर, केस आणखी पांढरे. पहिला अर्धा दिवस चांगला गेला. दुपारी त्यांनी फळ्यावर नव्या गॅसचा नंबर लिहिला, त्याच्याभोवती गोल काढला आणि म्हणाले की हा गॅस आकाशातल्या थराला काही करत नाही, पण पृथ्वी तापवणाऱ्या गॅसमध्ये तो मोडतो. जपानमध्ये देशांची परिषद झाली, तिथं जे गॅस कमी करायचे म्हणून ठरले त्या यादीत हाही आहे. आपल्याला आज बंधन नाही, पण उद्या येईल.

हॉलमधले काही जण जेवणाचे डबे पिशवीत भरून निघायच्या तयारीला लागले होते. मी उभी राहिले.

"सर, मी लोकांना हा कायमचा म्हणून सांगितलाय. तुम्ही सांगितलं म्हणून."

ते म्हणाले, "तेव्हा ते बरोबर होतं."

"आणि आता मी त्यांना काय सांगू?"

त्यांनी खडू ठेवला. चष्मा काढून पुसला. सध्या हाच वापरा, म्हणाले, जुन्यापेक्षा चांगलाच आहे. पुढं आणखी दुसरा येईल. आम्हालाही वरून जसं कळतं तसं आम्ही सांगतो.

त्यांच्यावर मला रागावता येईना. माणूस प्रामाणिक होता. पण राग तर आलेला होता आणि तो ठेवायला जागा नव्हती. पुण्याहून बारामतीपर्यंत तो मी मांडीवर घेऊन बसले.

नवरा म्हणाला, कुणाला काही सांगू नको. यंत्रं चालतायत, माणसं खूश आहेत. कायदा येईल तेव्हा बघू. त्याचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. पण मला ते जमेना. या माणसांना मी स्वतः जाऊन पटवलं होतं. उद्या हे दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळलं असतं, तर माझ्या कुठल्याच शब्दाला काही अर्थ राहिला नसता. आइस्क्रीमवाल्याला सांगितलं, तो हसला आणि कामाला लागला. दूधवाल्याला कळलंच नाही मी काय म्हणतेय. मग लासुर्ण्याला गेले.

तात्या डेअरीच्या ओट्यावर दुधाचे कॅन मोजून घेत होते. मी सगळं सांगितलं, पहिल्यापासून, सोपं करून. त्यांनी मध्ये तोंड घातलं नाही. ऐकून झाल्यावर म्हणाले, "म्हंजी ह्यो बी तसलाच."

"तसलाच नाही. जुन्याहून बरा. पण कायमचा नाही."

"मग परत बदलायचं कवा?"

"माहीत नाही, तात्या."

"कशानं बदलायचं?"

"तेही अजून नीट माहीत नाही."

त्यांनी हातातला कॅन खाली ठेवला. आवाज मऊच होता. "वहिनी, ज्याला म्हाईत न्हाय त्यानं सांगाय येऊ ने. मानसाची झोप जाती."

मी म्हटलं, "मला कळलं ते तुमच्यापासून लपवून ठेवायचं होतं का?"

"व्हय," ते म्हणाले. "ठेवायचं हुतं."

चहा त्यांनी दिला, पण माझ्याशी बोलले नाहीत. त्यानंतर त्यांचा माणूस आमच्या दुकानात येईनासा झाला. पट्टा, फ्यूज, काही लागलं तर इंदापूरहून नेत. नवऱ्यानं महिनाभर मला ऐकवलं. एवढं जुनं गिऱ्हाईक, खरं बोलायच्या हौसेपायी घालवलं, असं त्याचं म्हणणं. हौस! मला त्यात हौस कुठं दिसली असती तर मीच मला दोन दिल्या असत्या.

आबांकडं मात्र उलटंच. नव्या गॅसचीही काहीतरी भानगड आहे, हे त्यांच्या कानावर गेलं. ते पिशवी घेऊन दुकानात हजर. त्यांच्या अमोनियाचं काय ठरलं ते विचारायला. मी सांगितलं, काही ठरलेलं नाही, काही ठरणारही नाही, तुमचा गॅस या गोष्टीत नाहीच. त्यांनी मान डोलावली आणि शेंगा टेबलावर ठेवून विचारलं, तसं लिहून देता का.

वर्षभरानं कळंबला आमच्या भावकीतलं लग्न होतं. पंगतीत माझ्या शेजारी मोकळी जागा होती, तिथं तात्या येऊन बसले. मला बघून उठतील असं वाटलं, पण पत्रावळ वाढून झाली होती आणि वाढलेल्या पत्रावळीवरून ते उठणारे नव्हते. बराच वेळ आम्ही दोघं खाली बघून जिलेबी खात होतो.

मग ते समोर बघत म्हणाले, "तुमच्या त्या साबनाच्या पान्यानं मानसं बिघाडली माझी. दर सोमवारी फेस लावत बसत्यात. कामधाम सोडून."

मी विचारलं, गॅस कधी भरला होता शेवटचा?

"भरलाच न्हाय. तुमी घातला तोच हाय."

हे तक्रारीच्याच आवाजात. वाढप्या भात घेऊन आला, आम्ही दोघांनी घेतला, वरण घेतलं. तात्यांनी वरणात मीठ कमी असल्याचं सांगितलं. मीठ मागवून घेतलं, मलाही वाढायला लावलं.

"मग," ते भात कालवत म्हणाले, "पुढचा कुठला निघालाय?"

"अजून नक्की नाही."

"नक्की न्हाय तर गप जेवा."

मी जेवले.